बिग एंडवरचा ओरखडा आणि पॉलिश पेपरचा मोह

माझा भाचा पारनेर तालुक्यात शेती करतो. विहिरीवर विजेची मोटार आहेच, पण वीज रात्रीच्या पाळीला येते किंवा येतच नाही, त्या दिवसांसाठी एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला पंधराशे फेऱ्यांचे एक जुने डिझेल इंजिनही त्याने सांभाळून ठेवले आहे. ते इंजिन निळसर धूर सोडू लागले आणि तेल पिऊ लागले, तेव्हा पिस्टनच्या रिंगा बदलण्याचे काम त्याने गोठ्याशेजारच्या पडवीत घरीच हाती घेतले. काम तसे सरळ असते. हेड उतरवायचे, क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारी क्रँक ज्या पेटीत असते तिच्या, बाजूचे झाकण उघडायचे, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची, म्हणजे बिग एंडची, कॅप सोडवायची आणि पिस्टन रॉडसकट वरून बाहेर काढायचा. रिंगा बसवल्या की हाच क्रम उलटा. या सगळ्यात बिग एंडमधल्या बेअरिंगला हात लावण्याचे खरे तर काही कारण नसते. पण ते वाटेत येते, आणि घरच्या दुरुस्तीत ज्याला हात लावायचे ठरलेले नसते त्यालाच बहुधा इजा होते.

इथे इजा दोन झाल्या. पिस्टन वर ओढताना रॉडमधून खाली डोकावणाऱ्या एका बोल्टचे टोक क्रँकपिनला, म्हणजे क्रँकच्या ज्या गोल भागाभोवती बिग एंड बसते त्याला, घासून गेले. नंतर रॉडमध्ये बसलेला बेअरिंगचा अर्धा भाग, ज्याला शेल म्हणतात, तो तेलाने घट्ट धरला होता म्हणून भाच्याने स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटला. स्क्रू ड्रायव्हर निसटला आणि शेलच्या आतल्या करड्या पृष्ठावर एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत चकचकीत चर उमटला. त्याने मला फोटो पाठवला तो या चराचा, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेला. क्रँकपिनची गोष्ट मात्र त्याने जाता जाता एका ओळीत सांगितली. प्रश्न असा होता : “मामा, बारीक पॉलिश पेपर फिरवून हा ओरखडा काढून टाकू का?”

आयुष्याची बरीच वर्षे इंजिनांच्या कारखान्यात काढल्यामुळे हा प्रश्न मला नवीन नव्हता. त्याला मी सांगितले की पेपर खाली ठेव, उघड्या क्रँककेसवर स्वच्छ फडके बांध आणि दोन दिवस काहीही करू नकोस. डोळ्यांना जी इजा भयंकर दिसत होती ती स्वस्तातली होती, आणि जी त्याने एका ओळीत उरकली होती तीच खरी पाहण्यासारखी होती. असे का, ते समजण्यासाठी हा शेल म्हणजे नेमके काय असते तिथून सुरुवात करावी लागते.

बाहेरून पाहिले तर शेल म्हणजे अर्धगोलात वळवलेली, दोनेक मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी. पण पोलाद फक्त पाठीला असते. त्याच्या आतल्या बाजूला तांबे-शिसे किंवा ॲल्युमिनियम-कथिल अशा मिश्रधातूचा मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतका थर चिकटवलेला असतो, आणि अनेक शेलांमध्ये त्याच्याही वर, पिनेच्या बाजूला, शिसे किंवा कथिलाचा १२ ते २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अगदी नाजूक मुलामा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर या मुलाम्याची जाडी फार तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरते. ज्यांनी जुनी, मंद चालीची इंजिने पाहिली आहेत त्यांना व्हाइट मेटल माहीत असेल. कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मिश्रधातू अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये पुढे आणला आणि इंग्रजीत त्याला आजही त्यांचेच नाव आहे. पूर्वी तो वितळवून बेअरिंगमध्ये ओतत आणि नंतर हाताने खरवडून पिनेच्या मापाला आणत. आजचा पातळ शेल हा त्याच कल्पनेचा कारखान्यात मोजून तयार केलेला वारस आहे.

एवढ्या कठीण क्रँकच्या सोबतीला इतका मऊ धातू का दिला असेल, असे भाच्याने विचारले आणि विचारायला हवे होते ते हेच. तेलातून येणारा धुळीचा किंवा धातूचा कण जर दोन कठीण पृष्ठांच्या मध्ये सापडला तर तो दोघांनाही खरवडत राहील. एक पृष्ठ मऊ असले तर तो कण त्यात रुतून बसतो, गाडला जातो आणि क्रँक वाचते. शिवाय पिन आणि बेअरिंग यांच्या रेषेत किंचित फरक असला तर मऊ थर तेवढ्यापुरता दबून जुळवून घेतो. म्हणजे शेल झिजण्यासाठी, खराब होण्यासाठी आणि बदलण्यासाठीच तिथे बसवलेला असतो. त्याला वाचवण्याचा प्रयत्न म्हणजे ज्याने क्रँक वाचवायची त्यालाच वाचवत बसणे.

पॉलिश पेपरचा धोका याच गुणातून येतो. पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण पोलादापेक्षा कठीण असतात. मऊ थरावर पेपर घासला की त्यातले कण सुटून थरात रुतून बसतात आणि शेल कितीही धुतला तरी ते निघत नाहीत, कारण रुतलेला कण धरून ठेवणे हेच त्या थराचे काम आहे. असा शेल परत बसवला की तो क्रँकपिनसाठी मिनिटाला पंधराशे वेळा फिरणारी कानस होतो. शिवाय २० मायक्रॉनचा मुलामा पेपरच्या चार-दोन फेऱ्यांत नाहीसा होतो, तोही सगळीकडे सारखा नव्हे, तर बोटाचा दाब जिथे जास्त पडला तिथे जास्त. ओरखडा दिसेनासा होतो हे खरे, पण त्याच्या जागी एक खोलगट भाग तयार होतो, जो डोळ्यांना गुळगुळीत दिसतो आणि तेलाच्या दृष्टीने ओरखड्यापेक्षा वाईट असतो.

तेलाच्या दृष्टीने म्हणजे काय, यासाठी एक जुनी हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८३ च्या सुमारास बोशां टॉवर नावाचे इंग्रज अभियंते तिकडच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगमधले घर्षण मोजत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर पितळेचे बेअरिंग, अशी त्यांची मांडणी होती. तेल सोडण्यासाठी त्यांनी पितळेच्या वरच्या बाजूला एक भोक पाडले, तर यंत्र चालू केल्यावर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उफाळून बाहेर येऊ लागले. लाकडी खुंटी ठोकून भोक बुजवले, तर तेलाने ती खुंटीही हळूहळू बाहेर ढकलली. शेवटी दाबमापक लावला तेव्हा काटा प्रति चौरस इंच २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र त्याच्या जेमतेम निम्मा होता. फिरणारी पिन स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचरीसारखे कोंबते, त्या तेलात दाब तयार होतो आणि सगळा भार त्या तेलावर तरंगतो, हे पहिल्यांदा असे प्रयोगात सापडले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्यामागचे गणित मांडले.

आता भाच्याच्या इंजिनाकडे या. ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणि ज्वलनाच्या क्षणी साधारण ६० ते ७० बार दाब धरला, तर रॉडवर येणारा जोर तीन टनांहून अधिक भरतो, आणि पंधराशे फेऱ्यांच्या चार-स्ट्रोक इंजिनात तो सेकंदाला साडेबारा वेळा येतो. तो सगळा जोर बिग एंडमध्ये काही मायक्रॉन जाडीच्या तेलाच्या पडद्यावर पेलला जातो. हा पडदा ज्या भागात सर्वांत जास्त दाबाखाली असतो, त्या भागात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा चर असला, तर टॉवर यांच्या भोकासारखेच होते : दाबाखालचे तेल चरातून बाजूला पळून जाते आणि तेवढ्या जागी पडदा कोसळतो. पिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने गेलेली बारीक रेघ तेवढी घातक नसते, कारण ती तेलाला बाहेरचा रस्ता देत नाही. वापरलेल्या जवळजवळ प्रत्येक शेलवर अशा रेघा असतात आणि त्या बोटाच्या नखाला लागत नसतील तर कोणी त्यांची फिकीर करत नाही.

याखेरीज शेलचा कोणता अर्धा भाग जखमी झाला, तेही पाहायला हवे. कनेक्टिंग रॉडमध्ये वरचा, म्हणजे रॉडच्या बाजूचा शेल ज्वलनाचा धक्का झेलतो आणि कॅपमधल्या शेलवर मुख्यतः पिस्टन-रॉडच्या जडत्वाची ओढ येते. क्रँकच्या मेन बेअरिंगमध्ये हेच उलटे असते आणि भार खालच्या भागावर येतो. भाच्याचा चर रॉडच्या बाजूच्या शेलवर, मधोमध आणि आडवा होता. त्यामुळे “चालेल का?” या प्रश्नाला वावच उरला नाही. तोच ओरखडा कॅपच्या शेलवर सांध्याजवळ असता, तर कटकटीच्या दिवसांत, पीक वाळत असताना, चार दिवस इंजिन चालवायला मी कदाचित मान डोलावली असती. पण जोडीची किंमत काही शे रुपये असताना असली हुशारी करण्यात अर्थ नाही. आणि बदलायची ती जोडीच. एक नवा आणि एक जुना शेल एकत्र बसवू नये.

क्रँकपिनवरची खूण आता पाहू. फोनवरच्या फोटोत ती टाचणीच्या डोक्याएवढी दिसत होती, आणि म्हणूनच भाच्याने तिच्याकडे दुर्लक्ष केले होते. कठीण पोलादाला टोचा पडला की धातू नाहीसा होत नाही, तो बाजूला सरकतो, आणि खळग्याभोवती एक उंचवटा, एक धारदार काठ उभा राहतो. खळगा निरुपद्रवी असतो. फार तर त्यात थोडे तेल साठेल. घात करतो तो काठ, कारण तो दर फेरीला नव्या मऊ शेलवरून नांगर फिरवतो. नवीन शेल आणून याच पिनेवर बसवले असते, तर काही तासांतच त्यांच्यावर बोल्टच्या खुणेच्या रेषेत गोल चर पडला असता आणि दोष शेल बनवणाऱ्याला दिला गेला असता.

असा काठ काढायला बारीक ऑइल स्टोन लागतो, कानस नव्हे. दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून तो पिनेच्या गोलाईला धरून, जवळजवळ वजन न देता, फक्त उंचवट्यावरून फिरवायचा आणि बोटाला काहीही लागेनासे झाले की थांबायचे. खळगा घासून नाहीसा करायच्या मागे लागू नये, कारण त्या नादात पिनेवर सपाट जागा तयार होते. त्यानंतर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी तेलात भिजवून पिनेभोवती गुंडाळायची, तिच्यावरून सुती नाडीचे दोन वेढे द्यायचे आणि नाडीची दोन टोके आळीपाळीने ओढायची, म्हणजे पट्टी पिनेच्या सगळ्या गोलाईवर सारखी फिरते. आधी ज्या पेपरला मी हात लावू दिला नाही तोच इथे चालतो, कारण कठीण पिनेत त्याचे कण रुतत नाहीत आणि धुऊन निघतात. मात्र ते खरोखर धुवावे लागतात. पिनेतले तेलाचे भोक काम सुरू करण्यापूर्वी ग्रीसने बुजवायचे, नंतर ते ग्रीस घाणीसकट काढायचे, डिझेल आणि पिचकारीने भोक साफ करायचे आणि पांढरे सुती फडके पिनेवरून फिरवल्यावर पांढरेच राहीपर्यंत पुसत राहायचे. वर्कशॉपमध्ये सर्रास वापरतात त्या कॉटन वेस्टला इथे थारा नाही, कारण त्याचे तंतू मागे राहतात.

जुने कारागीर पिन पुरेशी गुळगुळीत आहे का हे तांब्याच्या नाण्याने पाहत. नाण्याची कड पिनेवरून लांबीच्या दिशेने घासायची. तांब्याची लाली पिनेवर चिकटून राहिली तर पृष्ठ अजून खरखरीत आहे. मापनाच्या युगात ही युक्ती कोणाला हास्यास्पद वाटेल, पण पडवीत हाताशी असलेल्या साधनांत ती चांगलीच विश्वासाची आहे.

भाच्याची खूण पिनेच्या कडेच्या जवळ होती, पण पिन आणि क्रँकचा वेब, म्हणजे पिनेला धरणारी बाजूची भिंत, जिथे मिळतात त्या गोलाईत नव्हती. ती तिथे असती तर दगड फिरवून समाधान मानता आले नसते. त्या कोपऱ्यातली गोलाई मुद्दाम राखलेली असते, कारण क्रँकवरचा ताण तिथेच एकवटतो आणि तिथल्या बारीक टोच्यापासून भेग सुरू होऊ शकते. त्या जागी इजा झालेली क्रँक जाणकाराला दाखवून, भेगेची तपासणी करून घेतल्याशिवाय वापरू नये, एवढे ठामपणे सांगतो.

यानंतर तो नवीन शेल आणायला नगरला निघाला, तेव्हा मी त्याला जुन्या शेलची पाठ पाहायला सांगितले. पाठीवर बारीक अक्षरांत ०.२५ असे छापलेले निघाले. म्हणजे कधी काळी, बहुधा त्याच्या वडिलांच्या हयातीत, क्रँकपिन पाव मिलिमीटरने ग्राइंड करून घेतलेली होती आणि तेव्हापासून तिच्यावर त्या मापाचे जाड शेल बसत आले होते. घरात हे कोणालाच आठवत नव्हते. दुकानात नुसते इंजिनाचे नाव सांगितले असते तर स्टँडर्ड माप हातात पडले असते. त्या शेलांनी पिन आणि बेअरिंग यांच्यातली मोकळीक जितकी हवी त्याच्या कितीतरी पट झाली असती आणि इंजिन पहिल्याच दिवशी ठोकू लागले असते. दुकानांत आजही जुन्या इंची हिशेबाने “दहाचा”, “वीसचा” असे बोलतात, म्हणजे इंचाचे दहा किंवा वीस हजारांश. मिलिमीटरमध्ये ते जवळपास ०.२५ आणि ०.५० होतात. त्यामुळे तोंडी सांगण्यापेक्षा जुना शेल खिशात घालून जाणे बरे, आणि नवीन शेलच्या पाठीवरचा छाप दुकानातच पाहून घेणे त्याहून बरे.

मोकळीक किती हवी याचा आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. ढोबळ हिशेब असा, की पिनेच्या व्यासाचा एक हजारांश भाग, म्हणजे ५० मिलिमीटरच्या पिनेला ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. पिन मोजायची ती मायक्रोमीटरने, दोन्ही कडांना आणि प्रत्येक कडेला एकमेकांशी काटकोनात. कारण पिन नुसती झिजत नाही, ती अंडाकृती आणि निमुळतीही होते. भाच्याने मायक्रोमीटर तालुक्यातल्या लेथवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणला. नवीन शेल बसल्यावर खरी मोकळीक पाहायला मी त्याला प्लास्टिगेज पाठवले. ही मेणासारख्या मऊ प्लास्टिकची बारीक तार असते. पिन आणि शेल कोरडे पुसून तारेचा तुकडा पिनेवर लांबीच्या दिशेने ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्क देऊन, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने, आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता कॅप पुन्हा सोडायची आणि चपटी झालेली तार पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची. हिरव्या पाकिटातली तार साधारण ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटरची मोकळीक दाखवते. तार जितकी रुंद तितकी मोकळीक कमी. दोन टोकांना रुंदी वेगळी आली तर पिन निमुळती आहे असे समजावे.

मोकळीक जास्त आली तर काय करायचे, याची घरगुती उत्तरे मला तोंडपाठ आहेत आणि ती सगळी वाईट आहेत. शेलच्या पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा पत्र्याची पट्टी घालायची, किंवा कॅपचे तोंड कानशीवर घासून तिला खाली आणायचे. दोन्हींत शेल कशाच्या जोरावर जागेवर राहतो हेच विसरले जाते. शेलच्या टोकाची छोटी जीभ त्याला फिरू देत नाही असा बहुतेकांचा समज असतो. ती जीभ केवळ शेल नेमक्या जागी बसावा म्हणून असते. शेलचे दोन अर्धे भाग त्यांच्या घराच्या, म्हणजे रॉड आणि कॅप मिळून होणाऱ्या गोल भोकाच्या, परिघापेक्षा किंचित जास्त लांबीचे बनवतात. कॅप आवळली की ती जास्तीची लांबी दाबली जाते आणि शेलची पाठ घराला सर्वत्र घट्ट भिडते, बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव जशी निवल्यावर चाकाला आवळून धरते तशी. फरक एवढाच, की इथे आवळण बाहेरून नसून आतून बाहेर असते. या भिडण्यातूनच शेलची उष्णता रॉडमध्ये जाते. मागे कागद घातला की पाठ सगळीकडे टेकत नाही, उष्णता अडते आणि कागदाच्या समोरचा भाग फुगीर होऊन तेलाचा पडदा फोडतो. कॅप घासली की घर गोल राहत नाही आणि ते पुन्हा गोल करायला रॉडच वर्कशॉपला न्यावा लागतो. नव्या धर्तीच्या अनेक गाड्यांत तर रॉड आणि कॅप एकाच तुकड्यातून मुद्दाम तडकवून वेगळे केलेले असतात. त्या खडबडीत तोंडावर कानस टेकवली की रॉड भंगारात.

शेलची पाठ आणि रॉडमधले घर कोरडे आणि स्वच्छ हवे, तेल लावायचे ते फक्त आतल्या बाजूला, हा नियम ऐकायला क्षुल्लक वाटतो. पाठीमागे अडकलेला एखादा केस किंवा वाळूचा कण समोरच्या बाजूला उंचवटा होऊन उमटतो, आणि काही मायक्रॉनच्या पडद्याच्या जगात तो डोंगर असतो.

पिन मोजल्यावर फार अंडाकृती किंवा निमुळती निघाली असती तर क्रँक काढून ग्राइंडिंगला द्यावी लागली असती आणि मग ०.५० चे शेल. तशी वेळ आलीच तर ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. कोपऱ्यातली गोलाई मूळच्याइतकीच ठेवावी, आणि माप शेल आणून दाखवल्यावरच पक्के करावे, आधी नव्हे. “तुम्ही क्रँक ठेवून जा, शेल मागाहून आणा” असे म्हणणाऱ्याकडे मी क्रँक ठेवणार नाही. भाच्याच्या बाबतीत ती वेळ आली नाही; मापे पुस्तिकेच्या मर्यादेत निघाली.

जुळणीच्या वेळी मी त्याला पेट्रोलच्या नळीचे दोन लहान तुकडे रॉडच्या बोल्टांवर चढवायला लावले, म्हणजे रॉड खाली येताना लोखंड पिनेला लागत नाही. पिस्टन वर काढतानाही हेच करायचे असते. कॅपवरच्या आणि रॉडवरच्या खुणा एकाच बाजूला आणायच्या, शेलच्या जिभा आपापल्या खाचेत बसल्या आहेत हे बोटाने तपासायचे आणि नट एकदम न आवळता थोडे थोडे, आळीपाळीने, टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत न्यायचे. प्रत्येक टप्प्यानंतर फ्लायव्हील हाताने एक फेरी फिरवायचे. जिथे ते अडेल तिथे थांबून कॅप उघडायची, जोर लावायचा नाही. हाताच्या अंदाजाने नट आवळणारे मिस्त्री मी खूप पाहिले आहेत आणि त्यांच्यातल्या काहींचा अंदाज खरोखर अचूक असतो. पण तो हजारो रॉड आवळून आलेला असतो, आपल्याला आयुष्यात तीन-चारच आवळायचे असतात.

मोटारसायकलवाल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण त्यांच्याकडची इजा वेगळी असते. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारसायकलींची क्रँक तुकडे दाबून जोडलेली असते, बिग एंडला रोलर असतात आणि क्रँक बॉल बेअरिंगवर फिरते. तिथे ओरखड्याचा प्रश्न नसतो. प्रश्न हातोडीचा असतो. शाफ्टवर बसवताना बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, किंवा केसमध्ये बसवताना आतल्या कड्यावर ठोकले, तर सगळा धक्का गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या धावपट्टीवर बारीक खड्डे पडतात. बेअरिंग नवीन असूनही हाताला कचकच लागते आणि इंजिन घोंघावते. जे कडे घट्ट बसवायचे त्याच कड्यावर दाब द्यावा, आणि शक्यतो ठोकूच नये. ॲल्युमिनियमचा केस शंभर अंशांच्या आसपास तापवला की बेअरिंग पुष्कळदा आपल्या वजनानेच जागेवर जाऊन बसते. ठोकून काढलेले बेअरिंग पुन्हा वापरण्याचा मोह तर अजिबात नको.

इंजिनाची जुळणी पूर्ण झाली तरी शेलचे संकट टळत नाही, कारण सर्वांत जास्त झीज पहिल्या काही फेऱ्यांत, तेल पोहोचण्यापूर्वी होते. भाच्याने जुळणी करताना शेलला भरपूर तेल लावले होते. त्यानंतर डिझेल बंद ठेवून आणि सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकॉम्प्रेशनची दांडी उचलून त्याने हँडलने इंजिन पुष्कळ वेळ नुसतेच फिरवले, म्हणजे पंपाने तेल भोकांपर्यंत नेले. मग चालू करून अर्धा तास पाण्याच्या पंपाचा भार न देता चालवले, थांबवले, थोडे निवू दिले आणि बाजूचे झाकण उघडून बिग एंडला हात लावून पाहिला. तो शेजारच्या लोखंडाइतकाच कोमट होता. बेअरिंग घासत असते तर ते आसपासच्या भागांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेले लागले असते.

पहिले तेल त्याने थोड्याच तासांत, गरम असतानाच, पांढऱ्या तसराळ्यात काढले. तेलात चमकी दिसली तर घाबरण्याआधी चुंबक फिरवावे : चुंबकाला चिकटते ते पोलाद किंवा बिड, म्हणजे रिंगा, लायनर (सिलिंडरचे आतले नळकांडे), गिअर किंवा क्रँक, चिकटत नाही आणि तरी चमकते ते बहुधा शेलचे ॲल्युमिनियम, कथिल, शिसे किंवा तांबे. त्याच्या तेलात चुंबकाला चिकटणारी थोडी काळसर भुकटी निघाली. नवीन रिंगा लायनरशी जुळवून घेताना ती निघतेच. न चिकटणारी चमकी निघाली नाही. त्याने फिल्टर बदलला, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे तेल भरले, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने बिग एंडचे माप आणि जोडी बदलल्याची तारीख लिहून ठेवली. चर पडलेला शेल मी मागून घेतला आहे. पुढच्या वेळी कोणी पॉलिश पेपरबद्दल विचारले की फोटोऐवजी तोच दाखवता येईल.